उद्याचा रकाना

सोमवार, ४ मार्च

विमान आजही उतरलं नाही! शाळेच्या शिक्षिका लिंडग्रेनबाई बेथेल शहरात अडकल्या आहेत. फोनवर म्हणाल्या, "इव्हॉन, आठवडाभर वर्ग तूच घे. कागद कपाटात आहेत." मी! वर्गातला मदतनीस, नववीत शाळा सोडलेला.

कपाटात एक तक्ता निघाला. कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाड्यांच्या शर्यतीवरून हवामान शिकवायचं. बुधवारी शर्यत सुटते, शनिवारी आपल्या नदीवरून येणार, गावात रात्रीचा मुक्काम. तोवर मुलांनी रोज तीनदा मोजायचं : थंडी, वारा, नवा बर्फ. शेवटचा रकाना – 'उद्याचा अंदाज'.

माझी नास्तास्याताई यंदा शर्यतीत आहे. अकरा कुत्री. मुलांना माहीत आहेच. ओलिंकाने पहिल्याच तासाला विचारलं, "ताई पहिली येणार का?" मी म्हटलं, असं बोलू नये. ती म्हणाली, "मग तुम्हाला शिकवता तरी काय येणार?" दहा वर्षांची आहे. जीभ चाळिशीची.

'बाष्पीभवन' फळ्यावर लिहिण्याआधी कोशात दोनदा पाहिलं. बरोबर होतं.

मंगळवार, ५ मार्च

शाळेच्या भिंतीवर उणे अकरा. खाली नदीवर, त्याच मिनिटाला, उणे एकोणीस! तापमापी बिघडली म्हणून मी घाबरलो. मग दोन्ही तापमाप्यांची अदलाबदल केली. आकडे तेच. शाळा टेकाडावर, नदी खाली.

"नदीला थंडी जास्त का वाजते?" मक्सिमचा प्रश्न. मला येत नव्हतं. "उद्या सांगतो," म्हटलं आणि दुपारी बाईंचं पुस्तक वाचत बसलो. गार हवा जड. ती पाण्यासारखी उतरून खळग्यात साठते. म्हणजे ताईची कुत्री उद्यापासून थंडीच्या तळाशी पळणार. हे इतकी वर्षं पायांना कळत होतं, डोक्याला आज कळलं.

अंदाजाचा रकाना वर्गातल्या अकराही मुलांनी कोरा ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. घरी सगळे हेच शिकतात – उद्याबद्दल ठाम बोलू नये, हवा ऐकत असते. मीही कोराच ठेवला. बाई रागावतील का?

बुधवार, ६ मार्च

शर्यत सुटली. इथे बर्फ लागला. नऊ इंच.

संध्याकाळी वाफेच्या घरात, गावाच्या सामाईक स्नानघरात, लुकीमामाने मला सगळ्यांसमोर चिडवलं. "या मास्तर, बसा! वाफ किती इंच ते मोजा." सगळे हसले. आपाही हसले – माझे आजोबा सहसा हसत नाहीत. मामा आपल्या हद्दीत शर्यतीची वाट आखतो, फांद्या रोवून. म्हणाला, "नदीवरची वाट झाली. सरळ. तुझी ताई झोपेतही येईल."

गुरुवार, ७ मार्च

आणखी आठ इंच. दोन दिवसांत सतरा! मुलांनी काठीवर खूण करून मोजलं, मी पुन्हा मोजलं. तक्ता स्वच्छ अक्षरात उतरवून दुकानात लावला. लोक तेल घेताना बघतात, काही बोलत नाहीत.

आपांकडे चहा आणि सुका सॅमन मासा. ते म्हणाले, "आज सापळा काढून घेतला." काळ्या माशांचा, बर्फातल्या भोकातला. मासे येताहेत तरी. मी "बरं" म्हटलं.

शुक्रवार, ८ मार्च

क्रमाने लिहितो.

सकाळी सहज वर्गात बोलून गेलो, की आपांनी सापळा काढला. मक्सिम म्हणाला, "आमच्या बाबांनी पण." मागून आणखी एक जण, "आमच्या पण." ओलिंका माझ्याकडे बघतच राहिली. "दादा, तीन-तीन घरांनी काढले, आणि तुम्ही बरं म्हणालात?"

सापळा लोक का काढतात? पाणी वर येणार असेल तर. वर आलं की भोक गोठतं, सापळा आत अडकतो.

सगळ्यांना घेऊन आपांच्या भोकावर गेलो. मक्सिमने बर्फात हात घातला आणि ओरडला. बर्फाच्या खाली, गोठलेल्या नदीच्या वर, चार बोटं पाणी! हवा उणे चौदा. "मग हे गोठत का नाही?" तिथेच उभ्या उभ्या सांगितलं : वर बर्फाची गोधडी आहे म्हणून. वरून काही दिसत नाही. कुत्रं पाय टाकेल तेव्हाच कळेल. ओले पंजे, उणे चौदा. पुढचं मुलांना सांगावं लागलं नाही.

मामाला रेडिओवर गाठलं. म्हटलं, वाट नदीवरून हलवा, माळावरून न्या.

"माळावरून अकरा मैल वाढतात, मास्तर. नदीच्या मोठ्या वळणावर पाणी पाहिलंस?"

"नाही. आपांच्या भोकापाशी पाहिलं. चार बोटं."

"वळणावर मी परवाच होतो. खडखडीत होतं. आता जाऊन यायला वेळ नाही, फांद्या हलवायच्या तर आत्ता हलवायला हव्यात. उद्या तिथं पाणी असेल?"

सगळा गाव रेडिओ ऐकत असतो. 'असेलही' म्हणता आलं असतं. सगळे तेच म्हणतात.

"असेल," मी म्हटलं. "उद्या वळणावर पाणी असणार."

वर्गात ओलिंकाने तोंडावर हात ठेवला. पलीकडून मामा, "हलवतो. पण चुकलास तर वाफेच्या घरात येऊ नकोस."

शनिवार, ९ मार्च

सकाळपासून शाळेच्या खिडकीत. शर्यतीतला पहिला गडी दुपारी आला, दाढी बर्फाने पांढरी. "अकरा मैल वाढवणारा तो हवामानवाला कोण?" मी तक्त्यामागे लपलो, खरंच. मुलांनी बोट दाखवलं.

ताई सहावी. अकराही कुत्री चालत आली. मी गुडघ्यावर बसून पंजे तपासले, चव्वेचाळीस. कोरडे! ताईने टोपी काढून माझ्या डोक्यावर आपटली. "गाढवा, दुसरी होते मी! माळाने खाल्लं मला." नदी खरंच कोरडी असली तर?

संध्याकाळी मामा परतला. वळण बघायला मुद्दाम गेला होता. बर्फावर पळणारं त्याचं स्नोमशीन बैठकीपर्यंत पाण्यात बसलं, तिघांनी ओढून काढलं. त्याची विजार इतकी गोठली होती, की काढल्यावर चुलीपाशी आपली आपण उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते. ताई सगळ्यात जास्त. तिने माझ्यासाठी चहा ओतला. मामा म्हणाला, "वाफेच्या घरात यायचं बरं का, मास्तर."

आपांनी वाचवलं. माझ्या आकड्यांनी नाही. सहा दिवस मोजलं आणि एक सापळा जास्त बोलला. बाईंना तसंच खरं कळवीन. मला शाळेत ठेवायचं की नाही, त्यांनी ठरवावं.

रविवार, १० मार्च

प्रार्थनेनंतर आपांचे आभार मानले. त्यांना काही कळेना. म्हणाले, "मला कुठलं ठाऊक? हल्ली नदीवर नजर पोचत नाही. दुकानात ओलिंकाने तुझा कागद वाचून दाखवला. दोन दिवसांत सतरा इंच. एवढं ओझं बसल्यावर नदीचा गोठलेला थर दबणार, भेगांतून पाणी वर येणारच. म्हणून सापळा काढला. बाकीच्यांनीही तिथेच ऐकलं. तुला काय सांगायचं – मोजलं तर तूच होतंस!"