सतरा आठेपाशी थांबलेला पाढा

प्रिय दादा,

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. उजव्या तळहाताला हा एवढा फोड आलाय आणि पेन नीट धरता येत नाही. फोड कसा आला ते सांगायलाच बसले आहे. आज सकाळी तुझ्या मुक्ताची टेस्ट घेतली. तुझ्याच सायकलवर, आमच्या कॉलेजच्या त्याच खोलीत.

तू गेलास आणि मी सायकल अडकवायचा तो स्टँड कपाटात टाकून कुलूप लावलं. छातीला बांधायचा ठोके मोजायचा पट्टा, स्टॉपवॉच, तक्त्यांची फाइल, सगळं आत. मुलं विचारायची, मॅडम, सायकलवाल्यांची टेस्ट घेत नाही का आता? मी म्हणायची, स्टँड बिघडलाय. गळ्यात शिट्टी घालून आठ वर्षं मी हे खोटं बोलत आले.

तू कसा आला होतास आठवतं? सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळीच. वाळूजला सगळी कंपनी बसनं जायची आणि तू वीस वर्षं सायकलवर. शेहेचाळिसाव्या वर्षी कामगारांच्या शर्यतीत नाव देऊन माझ्यासमोर उभा राहिलास. "शैले, पोरांचे आकडे काढतीस, माझाबी काढ की." मी म्हटलं, या वयात कशाला रे? तर म्हणालास, "वय इचारायला आलोय का तुझ्याकडं?"

मग मी तुला समजावून सांगितलं. पायडल मारता मारता माणूस बोलू शकतो. जोर वाढवत नेला की एका जागी वाक्य तुटायला लागतं. तो त्याचा उंबरठा. तिथं काळजाचे ठोके मिनिटाला किती, तो आकडा. त्याच्या अलीकडं राहिलं तर तासन्‌तास सायकल चालते, पलीकडं गेलं की दम भराभर संपतो. मोठ्या शहरांत बोटातून रक्ताचा थेंब घेऊन हे काढतात. आमच्याकडं तसलं यंत्र कुठलं? मी आपली बोलायला लावायची.

पाढा म्हणायला लावणं हे माझं शहाणपण. आधी प्रतिज्ञा म्हणवून घ्यायची, पण ती सगळे एका दमात उरकतात. सतराचा पाढा कसा, लांबही आहे आणि उरकताही येत नाही. दर तीन मिनिटांनी मी जोर वाढवायची आणि सायकलवर बसलेल्यानं तो म्हणायचा. कुठं तुटतो ते मी लिहून घ्यायची.

आणि हा पाढा मला शिकवला कुणी? तूच ना? गावी, शेंद्र्याला, ओट्यावर बसवून घोकून घ्यायचास. नव्वेला अडखळले की डोक्यात टपली. झोपेतून उठवून विचारलं तरी आला पाहिजे, म्हणायचास, आणि खरंच उठवायचास.

पहिले तीन टप्पे तू मजेत काढलेस. मध्येच कॅन्टीनच्या पोह्यांना नावंही ठेवलीस. चौथ्याला ठोके एकशे अठ्ठेचाळीस झाले. "सतरा आठे छत्तिसासे," म्हणालास आणि गप्प झालास. पाय फिरत होते. तोंड किंचित उघडं होतं. डावा हात हँडलवरून उचललास आणि पट्ट्याखाली बोटं घातलीस.

"काय झालं रे?"

"पट्टा काचतोय गं."

"आणि पाढा?"

"इसरलो. लई वर्षं झाली आता."

मी हसले, दादा. पोटभर हसले. माझ्या डोक्यात टपल्या मारणारा मास्तर नव्वेलाच अडकला, याचा मला कोण आनंद झाला. "बरं, मग दोनाचा म्हण," म्हटलं, "पहिलीतल्या पोरागत." तूही हसलास. बे एके बे, बे दुणे चार. दर दोन आकड्यांनंतर चोरून श्वास घेत होतास. मला ते ऐकू येत होतं. तरी मी चौथा टप्पा सोडून दिला आणि तुझा उंबरठा पाचव्याला धरला. एकशे अठ्ठावन्न. तक्त्यात शेरा लिहिला, पाढा विसरला.

तो आकडा तू माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतलास आणि चिकटपट्टीनं हँडलला लावलास. तुझ्या बहिणीनं काढलेला आकडा म्हणून कंपनीत सगळ्यांना दाखवत होतास म्हणे. माझा पट्टाही घेऊन गेलास.

तीन आठवड्यांनी रविवारी दौलताबादच्या घाटात गेलास तो परत आला नाहीस. सायकल झाडाला नीट टेकवून ठेवली होतीस. म्हणजे उतरायला वेळ मिळाला होता. कुणाला तरी हाक मारायलाही मिळाला असता, असं मला वाटत राहतं. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनी बऱ्याच दिवसांपासून भरत आली होती. मी विचारलं, टेस्टमध्ये कळलं असतं का? ते म्हणाले, बाई, आता कशाला ते? हे हो होतं की नाही होतं? आठ वर्षं मी एवढं एकच चघळते आहे.

पट्टा माझ्याकडं परत आला. सायकल घरी आली तेव्हा हँडलवर माझं अक्षर होतं.

तेव्हापासून कुणी बोलता बोलता थांबलं की मला राहवत नाही. वर्गात हजेरी घेताना एखादी मुलगी लगेच "हजर" म्हणत नाही, मी मान वर करून बघते. वहिनी फोनवर क्षणभर गप्प झाल्या की मी "हॅलो, हॅलो" ओरडत सुटते. मिक्सर बंद केला की तो घरघरत थांबतो ना, तुझं चाक थांबलं होतं तसा, त्याच्या मागून तू म्हणतोस, छत्तिसासे. पुढचं येत नाही. मी उभी राहते, वाट बघते. येतच नाही. मीही ते उत्तर आठ वर्षांत तोंडातून काढलेलं नाही. जिन्यानं चढताना सवयीनं पाढा सुरू होतो आणि मीसुद्धा आठेला गप्प होते.

गेल्या महिन्यात मुक्ता सायकल घेऊन दारात. तुझ्याएवढी उंच झालीये रे. हनुवटी वहिनींची, हट्ट तुझा. शर्यतीत उतरायचंय तिला. "आत्या, माझा आकडा काढ." चिठ्ठी अजून हँडलवर होती, चिकटपट्टी पिवळी पडलेली. मी नाही म्हणाले. ती तीन वेळा आली. शेवटी मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला कोण आडवणार? दुसऱ्या कुणाच्या हाती देण्यापरीस तुमच्या डोळ्यासमोर राहू द्या." मी अट घातली, आधी डॉक्टरांकडून काळीज तपासून घ्यायचं. घेतलं. सगळं ठीक आलं. मग मला सबब उरली नाही.

आज तिला पट्टा बांधत होते. म्हणाली, "कुठला पाढा म्हणू?" मी म्हटलं, पाढाबिढा नको, काहीही बोल. तर म्हणते, "सतराचाच म्हणते. बाबांनी शिकवलाय. तू त्यांची टेस्ट घेतली होतीस ना, त्याच दिवशी."

मी विचारलं, त्याच दिवशी कसा?

"माझी चौथीची परीक्षा होती. दुपारी शिफ्टला जायच्या आधी खाटेवर पडले होते, छातीवर हात ठेवून. पडल्या पडल्या सगळा म्हणून दाखवला. नव्वेला तर केवढ्यांदा म्हणाले. आणि हसून म्हणाले, तुझ्या आत्याला वाटतंय मी इसरलो."

पोरीनं किती सहज सांगितलं. तिला काय माहीत. माझ्या हातातला पट्ट्याचा हूक लागेना.

तू विसरला नव्हतास. तुला बोलता येत नव्हतं. आणि मला ते सांगितलं असतंस तर मी टेस्ट थांबवली असती, शर्यत बंद केली असती, डॉक्टरकडं ओढत नेलं असतं. म्हणून खोटं बोललास ना? का रे असं केलंस? एका शर्यतीसाठी? मला फार राग आला तुझा. अजून आहे.

पण माझं काय? सगळं जग म्हणालं असतं की हा सतरा नव्वे विसरला, तरी मी विश्वास ठेवायला नको होता. तुला तो पाढा विसरता येणं शक्य नव्हतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मला तुला एकदा हरलेलं बघायचं होतं, म्हणून मला ते पटलं. एवढंच आहे ते.

टेस्ट सुरू झाली. एक, दोन, तीन टप्पे. पोरगी छान चालवते, खांदे हलू देत नाही. चौथ्याला म्हणाली, "सतरा आठे छत्तिसासे," आणि थांबली.

मी काय केलं माहीत आहे? स्टॉपवॉच टाकलं आणि फिरतं चाक हातानं धरलं. ब्रेक हँडलला असतो हे पंधरा वर्षं मुलांना शिकवणारी मी. रबराचा वास सुटला. "आत्या! काय करतीस?" म्हणत मुक्ता उतरली. मी तिचे दंड धरून विचारत सुटले, छातीत दुखतंय का, जबड्यात, डाव्या हातात?

"नाही गं. खरंच विसरले. त्रेपन्न का चौपन्न, गोंधळ झाला."

मी तिथंच फरशीवर बसले आणि रडले. तिनं माझा हात नळाखाली धरला. मग तिनं हळूच विचारलं, "किती असतं गं, सतरा नव्वे?"

आणि मला सांगावं लागलं. त्रेपन्नासे. नळाच्या आवाजात का होईना, म्हटलं.

ती गेल्यावर जुनी फाइल काढली. "पाढा विसरला" यावर काट मारली आणि खाली लिहिलं, बोलता आलं नाही. एकशे अठ्ठावन्नही खोडलं. हँडलवरची चिठ्ठी मात्र मुक्तानं मला काढू दिली नाही. म्हणाली, बाबांची आहे. मग चिठ्ठीच्या शेजारी तिच्या आकड्याला जागा ठेवलीये.

पुढच्या रविवारी तिची टेस्ट पुन्हा आहे. तोवर पाढा मीच पक्का करून घेईन, टपली न मारता. आणि दादा, शब्द देते. माझ्यासमोर सायकलवर बसलेलं कुणीही बोलता बोलता थांबलं, तर ते पट्टा म्हणो की पाढा म्हणो, मी आधी चाक थांबवीन. कारण नंतर विचारीन. हसणार तर कधीच नाही.

तुझी,
शैला