बोर्डाच्या सावलीएवढी जागा

दिनांक : २४/५/१९७५

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, शिरूर (घोडनदी)

विषय : आईने लावलेली फुले बाग करण्यासाठी उपटल्याने, त्याच बागेत पुन्हा फुले पेरू देण्याबाबत.

संदर्भ : जागेवरील बोर्ड, 'फुले तोडण्यास सक्त मनाई आहे'.

महोदय,

कारणे अर्ज सादर करतो की, मौजे करंजठाण येथे आमच्या बौद्धवस्तीच्या कडेला एक पडीक पट्टी होती. बहात्तरच्या दुष्काळात झाडे वाळली आणि मधमाश्या गाव सोडून गेल्या. पुढे पाऊस झाला, वेलींना फुले आली, पण फळ न धरताच गळू लागली. तेव्हा माझी आई सोजराबाई हिने त्या पट्टीत तीळ, बडीशेप, झेंडू लावून भांडी घासलेल्या पाण्यावर जगवले. 'माश्यांला यायला कायतरी निमित्त पायजे,' असे तिचे म्हणणे होते.

२. माश्या आल्या. शेजारच्या साखरबाईच्या छपरावर भोपळे धरले. सरपंच पोपटराव यांच्या बियाण्याच्या कांद्याचे गोंडेही दाण्याने भरले. फूल कोणत्या वस्तीतले, याची चौकशी माश्यांनी केल्याचे आढळले नाही.

३. यंदा फाल्गुनात ग्रामपंचायतीने त्या जागेवर सार्वजनिक बाग मंजूर केली. नकाशात जागा मोकळी होती. प्रत्यक्षात तीत आईची बाग निघाली. नकाशा खोटा पडू नये म्हणून फुले उपटून जागा मोकळी करण्यात आली. तारेचे कुंपण झाले, पिवळा बोर्ड लागला. बोर्डावरील हुकूम सारा गाव काटेकोर पाळत आहे. तोडण्यासारखे काही नाही.

४. माश्या मात्र अजून येतात. पिवळ्या रंगावर बसतात, अक्षरांवरून फिरतात, उठून जातात. हे सरपंचांच्या कानावर घातले असता ते म्हणाले, 'मग ठराव वाचून दाखव की त्यांला, जालिंदर. शिकलेला हायेस न्हवं?' त्याप्रमाणे वाचून दाखवला. उपयोग झाला नाही.

५. आईला दमा जुनाच होता. तिच्या मरणाबद्दल कोणावर आरोप नाही. अंथरुणावरून ती रोज विचारी, 'माश्या आल्या का रं?' मी सांगे, आल्या. 'मग खात्यात काय त्या?' हा तिचा पुढचा प्रश्न. चैत्रात ती गेली. प्रश्न प्रलंबित आहे.

६. तिने राखेत घोळून ठेवलेले बी गाडग्यात आहे आणि मृग तोंडावर आला आहे. अख्खी बाग मागत नाही. बोर्डाची सावली पडते तेवढी जागा मिळावी. मोजणीला माणूस पाठवल्यास कृपया सकाळी पाठवावा. दुपारी सावली आखडते.

जागेबाबतच्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र अर्जदार

जालिंदर बन्सी ओव्हाळ
बौद्धवस्ती, करंजठाण, ता. शिरूर, जि. पुणे

सोबत : आईच्या बियाण्यापैकी चिमूटभर तीळ, नमुन्यादाखल. पाहून परत मिळावेत. फाइलला ओल लागल्यास तेथेच उगवतील. तसे झाल्यास उपटू नयेत.