जीव भांड्यात पडल्याची नोंद

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
आत्मा-ठिकाण नोंदणी कार्यालय,
पहिला मजला, जिन्याच्या उजवीकडे.

विषय: माझ्या आत्म्याचे ठिकाण 'दुधाचे पातेले' असे नोंदले गेले आहे, ते 'स्वतःचा देह' असे दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) तिन्ही अर्जांवरचा आपल्या कार्यालयाचा एकच शेरा: 'अर्जदार सहीच्या वेळी देहात नव्हता. सही ग्राह्य नाही.'

महोदय,

१. मी लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर आहे, वय एकेचाळीस. धोक्याचे काम करणाऱ्यांना आत्मा देहाबाहेर ठेवण्याची सोय आपल्या कार्यालयाने दिलेली आहे. मनोरे रंगवणारे तो पोपटात ठेवतात, पाणबुडे घंटेत. देहाला काही झाले तरी जीव शाबूत राहतो. मी ही सोय कधी घेतली नाही. मला माझा जीव जवळच बरा वाटतो. नियम ४ प्रमाणे नोंदवहीत जे ठिकाण लिहिले जाईल तिथे आत्मा जातो आणि नोंद बदलेपर्यंत तिथेच राहतो, हे मला माहीत आहे. म्हणून तर मी दरवर्षी पडताळणीला वेळेवर येतो.

२. यंदा पडताळणीच्या दिवशीच आईचे ऑपरेशन होते. खिडकी क्रमांक दोनसमोर उभा असताना बायकोचा फोन आला, की आई शुद्धीवर आली आणि पाणी मागते आहे. मी फोन ठेवला आणि म्हणालो, "चला, जीव भांड्यात पडला." खिडकीतल्या बाईंनी विचारले, कुठल्या भांड्यात? मला वाटले चेष्टा करताहेत. मी आनंदात होतो. म्हणालो, "दुधाच्या." त्यांनी 'धोक्याचे काम: होय' या रकान्यावर बोट ठेवले, मान डोलावली आणि लिहिले.

३. त्या बाईंबद्दल तक्रार नाही. छापील नमुन्यात 'आत्मा' असतो, बोलताना आपण सगळेच 'जीव' म्हणतो, घोळ तिथला आहे. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या की आम्ही बोललेलेच लिहितो, लोकांनी जपून बोलावे. स्वतः त्या फार जपून बोलतात. तहान लागली तर 'मला पाणी हवे आहे' म्हणतात, घसा कोरडा पडला असे म्हणत नाहीत.

४. परिणाम पुढीलप्रमाणे. सकाळी सात वाजता घरी दूध तापत असते आणि मी कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा असतो. दूध वर येऊ लागले की माझ्या छातीत काहीतरी कडेपर्यंत चढते आणि मला एका जागी उभे राहवत नाही. लिफ्टच्या टपावर हे बरे नव्हे. बायकोने पातेले तारेच्या घासणीने घासले तो पूर्ण दिवस माझ्या बरगड्या दुखत होत्या. माझा जोडीदार मला 'पातेल्या' म्हणू लागला. गप्प बसलो की विचारतो, आज साय धरलीय का? बायकोने मग ते पातेले टॉवेलात गुंडाळून फळीवर ठेवले. पण भांडण झाले की ती माझ्याकडे न बघता फळीकडे बघून बोलते.

५. मी पहिला अर्ज दिल्यावर आपल्या शिपायाने घरी येऊन पातेले पुरावा म्हणून जप्त केले. ते सध्या आपल्या कोठीत रॅक क्रमांक सातवर, जप्त पोपटांच्या पिंजऱ्यांशेजारी आहे. झाकण धुऊन वाळत घातले होते, ते घरीच राहिले. त्या दिवसापासून मला खुर्चीत पाच मिनिटे बसता येत नाही. हा अर्जही मी उभ्याने लिहीत आहे: मुद्दा चारपर्यंत ओट्यापाशी, हा जिन्यात, पुढचे जिथे जमेल तिथे. अक्षर बदललेले दिसेल. माणूस मीच.

६. हा मुद्दा खोडला आहे. त्यात आपल्या खात्याविषयी काही शब्द होते.

७. ऑपरेशननंतर आई नऊ दिवस चांगली होती. दहाव्या दिवशी उलटले. गुरुवारी वॉर्डात नोंदणीची फेरी असते, आणि फेरीला खिडकी क्रमांक दोनच्या बाईच येतात. त्यांनी आईला विचारले, आत्म्याचे सध्याचे ठिकाण? मी दाराशी येरझाऱ्या घालत होतो. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "काय सांगू बाई, माझा सगळा जीव याच्यात अडकलाय." मी पळत जाऊन वहीवर हात ठेवला. तोवर पूर्णविराम देऊन झाला होता. नोंद: 'मुलगा.'

विषय (बदलला आहे): माझी आई आपल्या कोठीत असल्याबाबत.

८. महोदय, हिशोब सरळ आहे. आईचा आत्मा माझ्यात, माझा पातेल्यात, पातेले रॅक सातवर. आईची नोंद झाल्यापासून आज एकविसावा दिवस. डॉक्टर सांगतात की देहाचे काम संपले आहे. मनगटाला नाडी लागत नाही, पण डोळे उघडे आहेत आणि ती बोलते. झोप नाही, घोटभर पाणी उतरत नाही, कूस बदलली की कण्हते. तक्त्यात काय लिहावे हे डॉक्टरांना कळत नाही, ते रोज 'तसेच' लिहितात. पातेल्याचा विषय आम्ही आईच्या कानावर घातलेला नाही. तरी परवा ती म्हणाली, "मला कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत उघड्यावर ठेवल्यासारखं वाटतंय रे. बाजूला पोपट ओरडतात. आणि थंडी." मी सांगितले, वॉर्डातला पंखा आहे. पंखा बंद होता.

९. नियम ११ प्रमाणे, दुसऱ्या माणसात अडकलेला आत्मा त्या माणसानेच सोडवायचा असतो: 'सोडले' एवढा एक शब्द स्वतःच्या हाताने लिहायचा आणि खाली सही. ती सही माझी हवी. आणि माझी सही आपल्याकडे ग्राह्य नाही.

१०. इथे एक गोष्ट लेखी कळवणे भाग आहे. सही ग्राह्य नाही हे वाचून मला पहिल्यांदा बरे वाटले होते. नोंद अडली तोवर आई अडली, आणि दोष आपल्या खात्याचा. तिसऱ्या अर्जाला मी मुद्दाम फोटो जोडला नव्हता. बायकोच्या ते लक्षात आले. ती काही बोलली नाही. या वेळी फळीकडे बघूनही नाही.

मग सोमवारी आईने विचारले, तू अर्ज नीट देतोयस ना? मी म्हणालो, ऑफिसात वेळ लागतो. ती म्हणाली, "ऑफिसचं नाव पुढे करू नकोस. शाळेच्या फाटकात माझं बोट सोडायचा नाहीस तू. तेव्हा मी सोडवून घेतलं होतं. आता माझ्याच्यानं होत नाही. तू सोड."

पुढचे मी वॉर्डाच्या खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून लिहीत आहे. ती बघते आहे.

विषय (शेवटचा): कोठीत पाच मिनिटे प्रवेश मिळण्याबाबत.

११. मला कोठीत येऊ द्यावे. मी डावा हात पातेल्यात घालीन आणि उजव्या हाताने सही करीन. त्या वेळी माझा देह आणि माझा आत्मा एकाच ठिकाणी असतील. आत्मा देहात असावा की देह आत्म्याच्या ठिकाणी, असा फरक आपल्या नियमांत कुठे दिसत नाही. मी ते तीनदा वाचले. खिडकी क्रमांक दोनच्या बाईंनाही विचारले. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या की साक्षीदार म्हणून त्या उभ्या राहतील. मग स्वतःहून म्हणाल्या, "त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नाही." आणि इकडेतिकडे बघितले, कुणी लिहून तर घेत नाही ना.

१२. माझी स्वतःची नोंद दुरुस्त करण्याची विनंती मी तूर्त मागे घेत आहे. तिला पंचेचाळीस दिवस लागतात, आणि आईकडे तेवढे नाहीत. म्हणजे आहेत, पण तिला नको आहेत. मी पातेल्यात राहीन. सवय होईल. पाच मिनिटे आजच मिळावीत. मी आपल्या जिन्यात उभा असेन. मला बसता येत नाहीच.

आपला नम्र,
लिफ्ट कारागीर,
मुक्काम रॅक क्रमांक सात

सही: (जागा सोडली आहे. कोठीत करीन.)

दिनांक: १४, बुधवार

सोबत:
१. फोटो, दोन प्रती. या वेळी जोडला आहे.
२. 'सोडले' असा जबाब, माझ्या हाताने लिहिलेला, सहीविना.
३. पातेल्याचे झाकण. आईला थंडी वाजते. सही होईपर्यंत झाकून ठेवावे.