ड्रायव्हरसाहेबांचा प्रश्न

प्रिय ठमे,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या घरात फोनला रेंज फक्त बैठकीच्या खोलीत, आणि तिथे सोफ्यावर तुझे बाबा पेपर तोंडापुढे धरून कान टवकारून बसलेले असतात. म्हणून जहाजाच्या मेलवर लिहिते आहे. एका बोटाने टाइप करते, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तुमचं यंत्र समुद्रात बुडी मारतं आणि तू जहाजावरून सगळं समजावून सांगतेस, तो थेट कार्यक्रम मी टीव्हीवर रोज बघते. पहिल्या दिवशी नुसता अंधार आणि पांढरे कण, मला वाटलं टीव्हीच गेला. मग तो डोंगर आला. समुद्राच्या पोटात विझलेला ज्वालामुखी, आणि माथा कसा, पोळपाटासारखा सपाट! तो कधीकाळी बेट होता, लाटांनी घासून घासून सपाट केला आणि मग हळूहळू खाली बुडाला, असं तू सांगितलंस तेव्हा मी शेजारच्या काकूंना हाक मारून आणलं. त्याच्या खडकावरचा काळा थर दहा लाख वर्षांत जेमतेम तांदळाच्या दाण्याइतका जाड होतो, हे ऐकून काकू म्हणाल्या की आपल्या गल्लीच्या रस्त्याचं काम हा थर घालणाऱ्यांकडेच दिलेलं दिसतंय.

अंड्यांवर बसलेली ती ऑक्टोपसबाई मात्र डोक्यातून जात नाही. पिल्लं बाहेर येईपर्यंत म्हणे अन्नाला शिवत नाही. बाई गं! तुझ्या वेळी मी दोघांचं नाही, चौघांचं जेवत होते. तरी आई म्हणून ती मला जवळची वाटली. आणि तुमचे ते ‘ड्रायव्हरसाहेब’ नावाने प्रश्न पाठवणारे नेहमीचे प्रेक्षक, त्यांनीही खूप हसवलं. ‘या डोंगराला घाटरस्ता आहे का?’ असं त्यांनी लिहून विचारलं, तेव्हा तू आधी खो खो हसलीस आणि मग उतार किती, कडे कुठे, दरड कुठे कोसळली होती, सगळं नीट समजावलंस. छान बोलतेस हो. कुणाची लेक!

आता घरातली बातमी. दोन वर्षं झाली, तुझे बाबा आपल्या शब्दावर ठाम आहेत. ऑफिसातली पक्की नोकरी सोडून तू जहाजावर निघालीस, तेव्हा ते म्हणाले होते, “पाण्यात जायचं तर जा, पण मला हाक मारू नकोस.” तूही त्यांचीच मुलगी, तेव्हापासून खरंच मारली नाहीस. तुमच्या दोघांच्यात माझी अडकित्त्यातली सुपारी झाली आहे. तुझा कार्यक्रम लागला की पहिले काही दिवस ते उठून आत जायचे. मग पेपर घेऊन बाहेरच बसायला लागले. पेपर उलटा आहे हे मी सांगितलं नाही, संसार करायचा असतो.

मग तो दिवस आला. तुमचा यंत्र चालवणारा त्या पंख्यासारख्या प्रवाळाच्या झाडावर जवळजवळ आदळलाच. तू नुकतीच म्हणाली होतीस की ते कित्येक शतकांचं जुनं आहे. इकडे पेपर खाली पडला आणि तुझे बाबा सोफ्यावरून ओरडले, “अरे ब्रेक! ब्रेक दाब!” उजवा पाय फरशीवर गच्च रोवलेला. उभा जन्म बस चालवली, पाय कुठला ऐकतोय! यंत्र थांबलं, झाड वाचलं, आणि हे स्वतःच वाचवल्यासारखे घाम पुसत बसले. त्याच संध्याकाळी काकूंच्या सुनेकडे जाऊन प्रश्न कसा पाठवायचा ते शिकून आले. नाव काय घातलं, ते आता तुझ्या लक्षात आलंच असेल. घाटाचं उत्तर मिळालं त्या दिवशी केस कापायला गेले आणि ‘शास्त्रज्ञ बाईंनी माझा प्रश्न घेतला’ म्हणून अख्ख्या दुकानाला सांगून आले. पोटच्या पोरीला शास्त्रज्ञ बाई! मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

लिहायला बसले ते एवढ्यासाठी. उद्याची बुडी शेवटची, नेहमीच्या प्रेक्षकांनी एकेक प्रश्न पाठवा, असं तू सांगितलंस. तेव्हापासून हे चहा गार करून टाइप करताहेत. लिहितात, खोडतात. खडकाचं झालं, माशांचं झालं, सगळं खोडलं. शेवटी चूक नाही ना बघ, म्हणून फोन माझ्यापुढे धरला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभे राहिले. लिहिलं होतं, ‘जहाज बंदराला लागलं की तुम्ही घरी येणार का?’ ‘घरी जाणार का’ असं लिहायला हवं होतं, परक्या माणसाने तसंच विचारलं असतं. मी म्हटलं, एकही चूक नाही, पाठवा. उत्तर काय द्यायचं ते तुझं तू ठरव, त्यात मी पडणार नाही. फक्त ते देताना ड्रायव्हरसाहेब म्हणू नकोस. हाक मार.

दोन हट्टी माणसांवर सारखाच जीव असलेली,
तुझीच,
आई