आम्ही घरातच होतो

३ फेब्रुवारी, सोमवार

छप्पन्न अर्ज. जागा एक. सहायक प्राध्यापक, सार्वजनिक आरोग्य, पीएच.डी. होऊन पाच वर्षं उलटलेली नकोत.

निवड समितीची अध्यक्ष मी. माणसं चार, पण पद्धत माझी – अडीच वर्षं भांडून मिळवलेली. अर्जातलं नाव, गाव, वय, कॉलेज सगळं झाकायचं. प्रत्येक अर्जाला फक्त एक आकडा. आणि संशोधनाच्या यादीबरोबर एक पान निवेदन: आरोग्यसेवा ज्यांच्यापर्यंत पोचत नाही त्यांच्यासाठी तुम्ही आजवर काय केलंत, इथं येऊन काय कराल. त्याला शंभरातले चाळीस गुण.

भांडावं लागलं कारण गेल्या बारा वर्षांत विभागानं सात जण नेमले. सहा आमचेच जुने विद्यार्थी. सातवा त्यातल्या एकाचा मेव्हणा.

कारकूनबाई दोन दिवस छापील अर्जांवर काळ्या पट्ट्या चिकटवतायत. मध्येच मान वर करून म्हणाल्या, "क्रियापदांना पण लावू का? 'मी गेले', 'मी गेलो' – बाई की बाप्या ते कळतंच की." माझ्या अडीच वर्षांच्या विचारात हे आलं नव्हतं. लावा म्हटलं.

सरासरीसाहेब डोकावून गेले. विभागातले सगळ्यांत ज्येष्ठ, समितीतही आहेत. संख्याशास्त्र शिकवतात आणि कुठल्याही गोष्टीची 'सरासरी काढली तर' म्हणतात, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. एक कागद उचलून म्हणाले, "एवढं काळं? कोण गेलं?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीस निवेदनं वाचून झाली. एकाच पानात 'समता' हा शब्द अकरा वेळा. मोजला.

शंका: आपण काम तपासतोय की निबंध? चार नंबरचं निवेदन इतकं गुळगुळीत आहे की बोट घसरतं. वाचताना छान वाटलं, मिटल्यावर एकही माणूस आठवेना. मग नियम केला – वाचून झाल्यावर कागद पालथा घालायचा आणि 'यानं नेमकं कुणाचं काय केलं' हे एका वाक्यात लिहायचं. वाक्य जमलं नाही तर वीसच्या वर गुण नाहीत. तिघांना विचारलं, तिघांनाही पटलं. सरासरीसाहेबांनाही! नियम बरा आहे. मला माझे नियम सहसा दुसऱ्या दिवशी बरे वाटत नाहीत, हा वाटेल.

चार नंबरला अठरा गुण.

१० फेब्रुवारी, सोमवार

सतरा नंबर. अर्धंच पान. उतरवून ठेवते, पट्ट्यांसकट.

"मी तिसरीत होत█ तेव्हा मोठी आरोग्य-पाहणी झाली. █████ वस्तीत आमची शेवटची ओळ. पाहणीवाले आमच्या ओळीत आलेच नाहीत. पुढं शिकताना ते जुने तक्ते हाती लागले. आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांपुढं 'कुलूप' लिहिलं होतं, तीन वेगवेगळ्या तारखांना. आम्ही घरातच होतो. त्या तक्त्यांवरून लसीची गाडी कुठवर जाईल ते ठरलं. ती आमच्या ओळीआधी वळायची. धाकट्या भावाला गोवर झाला, त्यात त्याचे कान गेले. माझं संशोधन 'कुलूप' लिहिलेल्या घरांवर आहे: ती खरी किती बंद होती आणि ती मोजली असती तर आकडे किती बदलले असते. तुमच्याकडे आल█ तर विद्यार्थ्यांना तीनदा दार वाजवायला शिकवीन."

कागद पालथा घातला. वाक्य लगेच जमलं.

नंतर उठून खिडकी उघडली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सतराला अडतीस दिले. ते गुण कुणी दिले – अध्यक्षांनी, की त्या पाहणीत हिंडलेल्या पोरीनं?

१२ फेब्रुवारी, बुधवार

इथं तरी सरळ लिहावं.

मोठी पाहणी एकच झाली. त्यात मी होते. तेवीस वर्षांची, नुकती पदवी घेतलेली, गळ्यात ओळखपत्र. नियम असा: दार बंद दिसलं तर तीन वेगळ्या दिवशी जायचं, तरच 'कुलूप' लिहायचं. आणि वरून हुकूम असा: दिवसाला पंचवीस घरं. दोन्ही एकत्र जमणं शक्य नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं.

शेवटच्या दिवशी माझी एक ओळ उरली. टेकडीवर, पायऱ्या संपतात तिथं, वस्तीतली शेवटची. अकरा घरं. खालच्या दुकानाच्या फळीवर बसून मी अकरा वेळा 'कुलूप' लिहिलं. तारखा तीन घातल्या, पेनं दोन वापरली – एका दिवशी लिहिल्यासारखं दिसू नये म्हणून. ती दोन पेनं सुचली याचा तेव्हा मला अभिमान वाटला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

गेली पंधरा वर्षं मी मुलांना सर्वेक्षणाची पद्धत शिकवते. चांगली शिकवते. तीन फेऱ्यांवर तर अख्खा तास घेते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नवऱ्याला सांगितलं. डेंटिस्ट आहे, त्यामुळं माणूस बोलत असताना गप्प बसायची सवय आहे.

मग म्हणाला, "अकराच घरं?"

"अकराच म्हणजे?"

"तसं नाही गं. मला वाटलं, एवढी पांढरी पडलीस म्हणजे निदान कुणाचा खून तरी."

"भाऊ बहिरा झाला त्यांचा."

हसू गेलं त्याचं. टॉवेल उचलून म्हणाला, "तू बाजूला झालीस तर अध्यक्ष कोण?"

"सरासरीसाहेब."

"आणि चार नंबर त्यांचा विद्यार्थी?"

"नावं झाकलीत. पण भाषा त्यांच्याच वर्गातली वाटते."

"म्हणजे तू खरं बोललीस तर सतराची जागा जाऊ शकते. गप्प बसलीस तर सतराला मिळते." टॉवेलला हात पुसत म्हणाला, "कीड लागलेला दात असतो बघ, दुखत नाही म्हणून लोक ठेवतात."

"उपमा नको देऊस. काय करू ते सांग."

"ते तू ठरवलंयस. मला नुसतं तोंडी लावायला घेतलंयस."

ठरवलं आहेच. सतराला माझी मदत हवी आहे असं मी गृहीत धरतेय, त्यातही एक गुर्मी आहे. ते अर्धं पान माझ्याविना उभं राहू शकतं. राहिलंच पाहिजे, नाहीतर पद्धत माझ्या मूडवर चालते असा अर्थ होईल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

डीनना सगळं सांगितलं. अकरा घरं, तीन तारखा, दोन पेनं.

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "बावीस वर्षं झाली. कुणी विचारलं नसतं तुम्हाला."

"सतरा नंबरनं विचारलंय, सर."

"मग अध्यक्षपद सोडा, गुण मागे घ्या. कारण मी समितीला सांगणार नाही, नाहीतर त्याचाच उमेदवारावर परिणाम होईल. आणि पाहणीचं तुम्ही लेखी द्या. त्याचं काय करायचं ते मला बघावं लागेल." दारापर्यंत आले. "पद्धत चालू राहील. ती चांगली आहे."

लेखी दिलं. दीड पान. पायऱ्या उतरताना हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाचा लगेच संशयही आला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सरासरीसाहेबांकडे कागद सोपवले. "काय हो, मध्येच मैदान सोडलंत?"

"हितसंबंध आहेत."

"कुणाशी?"

"ते विचारायचं नसतं."

"कागद पालथा घालायचा तुमचा नियम ठेवू की काढू?"

"अध्यक्ष तुम्ही."

"ठेवतो," म्हणाले. "त्यानं माझा वेळ वाचतो."

आज पाच जणांची नावं उघडी करून त्यांना मुलाखतीला बोलावलं. मी त्या खोलीत नव्हते. सतरा त्या पाचांत असल्याचं कारकूनबाईंनी न विचारता सांगितलं आणि मग जीभ चावली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मुलाखती. मी पलीकडच्या खोलीत पहिल्या वर्षाला शिकवत होते. मध्ये एक भिंत. शब्द ऐकू येत नव्हते. एकदा मात्र सरासरीसाहेबांचा आवाज चढला, मग शांतता, मग कुणीतरी हसलं. मी फळ्यावर एकच सूत्र दोनदा लिहिलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सतरा!

सरासरीसाहेब स्वतः माझ्या खोलीत आले, बसले नाहीत. "तुमच्या त्या सतरानं माझ्या जुन्या लेखातली चूक दाखवली. सगळ्यांसमोर. बंद घरं मी वजा केली होती, तशी वजा करता येत नाहीत म्हणे. फळ्यावर करून दाखवलं पोरीनं."

म्हणजे ती. पहिल्यांदाच कळलं.

"मग?"

"मग काय. बरोबर होतं. असल्या माणसाला दुसरीकडे जाऊ दिलं तर ती तिथून माझ्या चुका छापेल. त्यापेक्षा घरात बरी."

"आणि चार नंबर?"

"माझाच विद्यार्थी तो. कागद पालथा घातला आणि मलाच वाक्य जमेना." दारात थांबले. "वाईट वाटलं हो. पाच वर्षं मीच शिकवलंय त्याला."

या माणसाबद्दल मी या पानांवर काय काय लिहून ठेवलंय! मागं जाऊन खोडणार नाही, पण नोंद असावी.

६ मार्च, गुरुवार

डीननी माझं दीड पान पाहणीच्या खात्याकडे पाठवलं. नेमणुकीची फाईल सहीसाठी फिरत माझ्या टेबलावरही आली. मी सही केली, आत चाळली नाही. कुठली वस्ती ते मला ठाऊकच आहे.

रुजू होईल त्या पहिल्या दिवशी तिला मीच सांगणार. दुसऱ्याकडून कळता कामा नये.

२ जून, सोमवार

ती आली. ठेंगणी, पायात मळके बूट, बोलते भरभर. खुर्ची दिली, दार लावून घेतलं आणि सांगितलं सगळं, माफी मात्र शेवटी मागितली.

संपल्यावर तिनं विचारलं, "पायऱ्या किती होत्या, मॅडम?"

"साठेक असतील. टेकडीवर."

"आमच्याकडे टेकडी नाही." फार हळू म्हणाली, जणू मलाच लागेल. "आम्ही मालगाड्यांच्या यार्डामागे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. सपाट जमीन. आमच्याकडे तुम्ही आला नव्हता. एक दाढीवाले सर होते, आधीच्या ओळीवरूनच परतलेले, आई अजून सांगते."

पट्टीखाली मी माझ्याच वस्तीचं नाव वाचलं होतं, आणि नंतर ते एकदाही तपासलं नव्हतं.

तिनं पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं. "ही अकरा घरं माझ्या यादीत नाहीत. तिथं कोण राहत होतं?"

३ जून, मंगळवार

मला माहीत नाही. सकाळी साडेसातला दोघी निघतोय. पायऱ्या मी आधी चढणार.