पडद्याला लागलेली हळद

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

आजही काही नाही! माझ्या विद्यार्थिनीने, मेघाने, सकाळपासून भांड्यातल्या भोकावर ब्रशने चरबीचे पातळ पडदे एकामागून एक लावले, सगळे धड राहिले आणि एकातूनही काही पलीकडे गेलं नाही. स्क्रीनवर सरळ रेघ. "मॅडम, हा पडदा लई इमानदार आहे," म्हणाली. मी हसले, पण पोरगी रडकुंडीला आली आहे हे दिसत होतं.

इतकी वर्षं मी एकच गोष्ट सांगत आले. पेशीच्या आवरणातून मिठाचे आयन आत-बाहेर करायला प्रोटीनचं दार लागतं — मान्य. पण दार नसलं तरी नुसती चरबी वितळायच्या बेताला आली की तिच्यात आपोआप फटी पडतात आणि मिटतात. थंडीतलं तूप बघावं, निम्मं थिजलेलं, निम्मं पातळ. तेव्हा ते धड इकडचं नसतं, धड तिकडचं नसतं. पृष्ठभागाच्या उष्मागतिकीवर मी जे काही लिहिलं त्याचं सार एवढंच. फट उघडली की विजेचा प्रवाह एक पायरी वर चढतो, मिटली की खाली उतरतो. त्या पायऱ्या हव्या आहेत. मेघाच्या प्रबंधाला हव्या आहेत आणि खरं सांगायचं तर मलाही. ३० नोव्हेंबरला मी निवृत्त. मग ही खोली जाणार, आणि पायऱ्या नसतील तर मेघाला शेजारच्या प्रयोगशाळेतल्या केशवच्या हाताखाली नवा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार.

केशवचं आयुष्य प्रोटीनच्या दारांत गेलं. रोज चहाला एकदा तरी म्हणणारच — "मॅडम, दाराबिगर घर असते का कुठं?" मी म्हणते, भिंत गळत नाही का पावसाळ्यात? मग दोघं बिस्किटं बुडवतो.

शनिवार, २७ सप्टेंबर

आई : "तुह्या मिठाचं झालं का वं?" नाही म्हटलं. "मंग जेव."

गुरुवार, २ ऑक्टोबर

दीक्षाभूमीवरून आत्ता आलो. पाय दुखताहेत, मन भरलं आहे. तुळसामावशी आणि तिची माणसं कालच गावाहून आली, नागपूरच्या बेसा भागातल्या या फ्लॅटमध्ये हॉलभर गाद्या! आई पांढरी साडी नेसून पहाटेच तयार होऊन बसली होती. गर्दीत मी तिचा हात धरला तर झटकून टाकला — "मले काहून धरून राहिली? मी तुह्याआधीपासून येऊन राहिली इथं." खरंच आहे. छप्पन्न साली ती इथे होती आणि मी तिच्या स्वप्नातही नव्हते. मावशीने पुस्तकांच्या दुकानांसमोर सगळ्यांना ताटकळत ठेवलं आणि शेवटी एक कॅलेंडर घेतलं.

काल नवमीला नेहमीप्रमाणे रजा टाकली. त्या दिवशी केशवच्या खोलीत यंत्रांची पूजा असते, फुलं, हळदकुंकू, नारळ, सगळं साग्रसंगीत. माझ्या खोलीतली यंत्रं पूजेतून वगळलेली असतात. ना त्याने कधी आग्रह केला, ना मी कधी नाक मुरडलं. प्रसादाची पुडी मात्र दरवर्षी माझ्या टेबलावर असते आणि मी ती आनंदाने खाते.

सोमवार, ६ ऑक्टोबर

पायऱ्या!!

मेघा कॉरिडॉरमधून ओरडत आली — "मॅडम, येऊन राहिल्या! पायऱ्या येऊन राहिल्या!" चप्पल टेबलाखालीच राहिली, मी अनवाणी धावले. वर, खाली, वर, खाली. स्वच्छ, चौकोनी. प्रोटीनचा कणही घातलेला नाही. नुसती चरबी! मी मेघाला मिठी मारली. मग दोघी एकदम गप्प झालो, श्वास लागला तर पडदा फाटेल की काय अशा.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

केशवला दाखवलं. खुर्ची ओढून बसला, चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनला नाक लावलं. "अजून एक पडदा लावून दाखव गं." मेघाने लावला. पुन्हा पायऱ्या. उठला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "गळते, मॅडम. तुमची भिंत गळते." मला वाटलं होतं असं झालं की मी त्याला चिडवीन. चिडवलं नाही. फार बरं वाटलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

शोधनिबंध लिहायला घेतला. आई म्हणते मी कामं करताना गुणगुणते. गुणगुणत असेन!

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुटीआधी पडद्याचं भांडं खोलून साफ करायचं म्हणून मी स्वतः बसले. टेफ्लॉनच्या छोट्या पेल्याचं वरचं कडं काढलं. आतल्या खाचेत पिवळं. बोटाने घासलं. हळद.

"मेघा, हे काय?" मेघा खाली बघायला लागली. केशवला कोणी सांगितलं कोण जाणे, तो आपणहून आला, दारातच उभा राहिला.

"मीच लावली, मॅडम. नवमीले. तुमचं शेवटचं वर्ष. म्हटलं आमच्या यंत्रायले दरवर्षी हळदकुंकू, अन् तुमचं एकटं काहून कोरडं राहावं? बोटभर लावली. वरतून लावली."

"विचारायचं तरी होतंस!"

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

मग मी ओरडले. भयंकर ओरडले. हळदीचा तो पिवळा रंग सरळ चरबीत जाऊन बसतो, हे मी त्याला शिकवायचं? हळद लागली की प्लॅस्टिकचा डबा जन्मभर पिवळा राहतो हे कुठल्याही घरात ठाऊक असतं! म्हणजे माझ्या पायऱ्या हळदीच्या. केशव दारातूनच परत गेला. मेघा मात्र रडली.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आई : "लावली त लावली. मायेनं लावली ना?" मायेनेच लावली. म्हणून तर धड रागही काढता येत नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर

वर्कशॉपमधून नवं भांडं करून आणलं. नवा ब्रश, चरबीची नवी बाटली. दिवसभर सरळ रेघ. चिमूटभर हळदीचं पाणी सोडलं — पायऱ्या! आता काही शंकाच उरली नाही. शोधनिबंध बाजूला ठेवला. मेघाने विचारलं, केशव सरांकडचा विषय कोणता असेल? मी म्हटलं, घाई करू नकोस. कुठल्या तोंडाने म्हटलं कोण जाणे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पौर्णिमेची सुटी. आईने लोणी कढवायला सांगितलं. तूप बरणीत ओतताना सुचलं आणि पळी तशीच हातात राहिली.

हळद भोक पाडत नाही! हळदीमुळे चरबी जरा लवकर वितळते, बस. म्हणजे आमच्या तापमानाला नुसती चरबी अजून थिजलेलीच होती. बाटलीवर वितळायचा आकडा लिहिलेला आहे, आम्ही थर्मामीटर बरोबर त्या आकड्यावर आणून ठेवत होतो. पण थर्मामीटर आहे खाली धातूच्या ठोकळ्यात, आणि वरून एसीचा झोत थेट पडद्यावर! नागपुरात एसीशिवाय यंत्र चालत नाही हा आमचा पक्का समज. खालून ऊब, वरून गारवा, पडदा बिचारा थंड. आणि जास्त तापवला तर फाटेल या भीतीने आम्ही त्या आकड्याच्या वर कधी गेलोच नाही.

मेघाला फोन केला. "उद्या एसी लावू नकोस."

"मॅडम, यंत्र गरम होईल न."

"होऊ दे!"

तूप थोडं करपलं. आई बोलायचं ते बोलली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काल पडदे फाटत होते. आज मेघाने भांड्यावर थर्माकोलचं झाकण ठेवलं आणि हळूहळू ऊब वाढवली. दुपारी — पायऱ्या. नवं भांडं, नवी चरबी, हळदीचा कण नाही. गार केलं की जातात, ऊब दिली की येतात. म्हणू तेव्हा! मी मटकन खुर्चीत बसले आणि रडले, लाज वाटली नाही.

केशवला मीच बोलवायला गेले. बघितलं, आणि हात जोडले. यंत्राला की मला ते कळलं नाही. मी म्हटलं, तुझी हळद नसती तर आम्ही आणखी दहा वर्षं थंडीत बसलो असतो. तो हसला खरा, पण नंतर एकदम विचारात पडला. "मॅडम, तुमच्या जुन्या भांड्यातली हळद धुऊन गेलीच नाही का?" नाही म्हटलं. सदर बाजारातून समोसे मागवले होते, त्याने अर्धाच खाल्ला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शोधनिबंध पाठवला. मेघाचं नाव पहिलं. केशव हल्ली चहाला येत नाही. काम आहे म्हणतो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, भलीमोठी भिंतीवरची घड्याळं — दोन! मेघाने भाषणात एसीची गोष्ट सांगितली, सगळे हसले. केशव दोनच वाक्यं बोलला आणि बसला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे.

मी मात्र समाधानी आहे. अगदी आहे. सोमवारपासून उशिरा उठायचं, बाल्कनीत मोगरा लावायचा, आईशी भांडायचं.

रविवार, ३० नोव्हेंबर

केशव दुपारी घरी आला. आईने पाणी दिलं, तसंच हातात धरून बसला.

"मॅडम, माह्या भांड्याले दरवर्षी हळद लागते. पहिल्या वर्षापासून. मी पण नवीन भांडं करून आणलं. आठवडा झाला प्रोटीन टाकून राहिलो. सरळ रेघ आहे."

मी त्याच्या हातातला पेला काढून खाली ठेवला. म्हणजे इतकी वर्षं दिसलेली त्याची सगळी दारं हळदीची? आईने न विचारता चहा टाकला.

तो निघताना म्हटलं, उद्या दहाला येते तुझ्या खोलीत. तू प्रोटीन काढ, मी पडदा लावते. खरं काय ते दोघं मिळून बघू. आणि एसी बंद ठेव.

आई : "उद्यापासून त सुटली ना वं तू?"

डबा भर म्हटलं.