त्रिशा शिंगाडे आणाले गेली

त्रिशाचे पप्पा,

तुमचा फोन लागून नाही राहिला, म्हणून लिहून ठेवते. त्रिशानं शाळेतून येऊन दप्तर टाकलं अन् शेजारच्या रेणूले सांगून गेली, पप्पासारखे तलावातून शिंगाडे आणते म्हणून. मी तिकडेच जाऊन राहिली. तुम्ही आल्याबरोबर डोंगेवाल्या खुशालभाऊले घेऊन या. मोठी टॉर्च आणा. शिंगाड्याचे वेल पायाले गुंडाळतात, अन् तिले पोहता येत नाही.

तिथं तिच्या नावानं ओरडू नका. पोरगी निडर आहे, असं तुम्ही सगळ्यायले सांगता. ती निडर नाही. घाबरली की तिच्या तोंडातून आवाजच निघत नाही, हाक मारली तरी ओ देत नाही. तलावाच्या पाळीवरच्या झुडपातही नीट पाहा. वर्गातल्या पोरी तिले भित्री म्हणतात. पप्पाले सांगू नको म्हणाली होती.

तुम्ही तुमच्या लहानपणावर पेपरात लिहिलेला लेख तिनं परवा सगळ्यायले वाचून दाखवला. एवढासा पोरगा पोहत तलावाच्या मधात जातो काय, शिंगाडे आणतो काय!

तुमच्या आई रडून राहिल्या. आत्ता सांगतात, तुम्हाले पोहणं येतच नव्हतं. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून रडत होते, बाबांनी खांद्यावर बसवून घरी आणलं.

दार उघडंच ठेवलं आहे, ती एकटी परत आली तर.

ते रडणंच काऊन नाही लिहिलं? तो पोरगा अगदी तिच्यासारखा होता.